नमुना बिघडला तर यंत्र काय करणार?

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी बनविणारे छोटे कारखाने आहेत. स्टील तेजाबाने धुतले की त्या पाण्यात लोखंड, क्रोमियम आणि काही प्रकारच्या स्टीलमधून निकेलही उतरते. १९८६ च्या पर्यावरण नियमांनुसार नदी-नाल्यांत सोडायच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे २ मिलिग्रॅम, तर सहा संयुजी क्रोमियम केवळ ०.१ मिलिग्रॅम चालते. अहवाल चुकला तर कारखानदाराची परवानगी अडचणीत येते. म्हणून प्रयोगशाळेत नोकरी धरू पाहणाऱ्या बी.एस्सी. तरुणांनी आधी बाटली नीट भरायला शिकावे.

बाटली प्लॅस्टिकची घ्यावी. स्टीलच्या तेजाबात पुष्कळदा हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते, ते काच खाते. यंत्राचे काचेचे भागही त्याने खराब होतात, तेव्हा मालकाने हे आधीच सांगावे.

धातूंच्या बाटलीत जागेवरच नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणतात; नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. परंतु फक्त विरघळलेला धातू मोजायचा असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून आधी गाळावे, ॲसिड नंतर. क्रम उलटला तर गाळातला धातूही विरघळून आकडा फुगतो. एकूण धातू हवा असेल तर उलट, गाळायचेच नाही. बाटली हलवून माप घ्यावे, नायट्रिक ॲसिडसह तापवून गाळ विरघळवावा (कोरडा पडू देऊ नये) आणि मोजफ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरावे.

सहा संयुजी क्रोमियमची बाटली वेगळी. तिच्यात ॲसिड घातले तर तो क्रोमियम तीन संयुजी होऊ लागतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. ती बर्फात ठेवून २४ तासांत तपासावी.

ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रात बारीक नळी द्रावण ओढते, त्याचा फवारा होऊन ज्योतीत जातो. एखादा कण नळीत अडकला की आकडा हळूहळू घसरत जातो. म्हणून तापवलेल्या द्रावणात कण उरले असतील तर ते स्थिरावू द्यावेत किंवा गाळून घ्यावेत. प्रमाणित द्रावणांतही नमुन्याइतकेच ॲसिड असावे. दोन नमुन्यांमध्ये नळीतून ॲसिडचे पाणी ओढू द्यावे, आणि नमुन्यासारखीच सारी प्रक्रिया केलेला कोरा नमुनाही लावावा.

वाचन सर्वांत तीव्र प्रमाणित द्रावणाच्या वर गेले तर नमुना पातळ करावा. १ मिलिलिटरचे १०० केले आणि यंत्राने २.४ दाखवले, तर खरा आकडा २४० आहे. शंभराने गुणायचे राहू नये म्हणून फ्लास्कवरच ‘१००’ लिहून ठेवावे.