पोटातली शांतता

२०२१ च्या फेब्रुवारीत माझं पोट लहान करण्याचं, म्हणजे स्लीव्हचं ऑपरेशन झालं. तेव्हा वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच, बीएमआय ४७. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. आजही महिन्याकाठी एखादी बाई ओळखीतून नंबर मिळवून फोन करते, बहुधा रात्री, घरातले झोपल्यावर. आवाज खाली आणून विचारते, "मॅडम, मी करू का?" त्या सगळ्यांना जे सांगत आले, ते हे.

१. भूक सगळ्यांची सारखी नसते.

ऑपरेशननंतर आठवडाभरात बहिणीकडे होते. औषधाच्या इवल्याशा कपातून मुगाच्या डाळीचं पाणी घोटघोट घेत होते. समोर तिनं मुलांसाठी गरम भाकरी आणि झुणका केला होता. वास घरभर होता. आणि माझं पोट गप्प होतं. इतकं गप्प, की आधी मला भीतीच वाटली.

कळतं तेव्हापासून माझ्या डोक्यात जेवण चालू असायचं. नाश्ता करताना डब्याचा विचार, डबा खाताना संध्याकाळचा. शाळेत खिचडी शिजायला लागली की फळ्यावर लिहिताना हात थांबायचा. ताटात वाढलेलं असताना नजर पातेल्यात किती उरलंय तिकडे. मला वाटायचं, सगळ्यांचंच असं असतं. बाकीचे मन मारतात, मला जमत नाही. त्या दिवशी मी बहिणीला विचारलं, "तुला जेवून उठल्यावर परत खावंसं वाटत नाही?" ती म्हणाली, "नाही गं ताई, पोट भरल्यावर कशाला वाटेल?"

त्या रात्री मी खूप रडले. जी शांतता मला एक्केचाळिसाव्या वर्षी, पोटाला छेद घेऊन मिळाली, ती तिच्याकडे जन्मापासून होती. आणि लहानपणापासून हावरी म्हणून बोलणी मी खाल्ली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग, कधी त्याहून जास्त काढतात. त्यात वरचा फुगीर भागही जातो आणि भुकेचा संदेश मेंदूला देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. उपाशी राहून वजन उतरवलं की शरीर ते वाढवतं, वर ऊर्जा जपून खर्च करतं. माझी सगळी डाएटं अशीच बुडाली. निश्चय कच्चा होता म्हणून नव्हे.

२. प्रत्येक दुखण्याचं खापर वजनावर फोडू देऊ नका.

दोन वर्षं सकाळी डोकं जड असायचं, दुपारी मुलांसमोर डोळे मिटायचे. दोन डॉक्टरांनी मला हात न लावता "वजन कमी करा" एवढंच सांगितलं. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी झोपेची तपासणी करवली. झोपेत तासाला ४२ वेळा माझा श्वास अडत होता. ऑपरेशनआधीचे चार महिने मी रात्री नाकावर मास्क लावून, हवा देणाऱ्या यंत्रावर झोपले आणि कितीतरी वर्षांनी ताजी उठले. वजन उतरायचं होतंच, पण त्या आजारावर वेगळा इलाज होता आणि तो आधी मिळायला हवा होता.

३. विम्याचे कागद आधी वाचा.

बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, झोपेत श्वास अडण्याचा गंभीर विकार यांसारखा आजार असेल, तर या शस्त्रक्रियेचा खर्च पॉलिसीत बसू शकतो. तरी माझा दावा आधी "सौंदर्यासाठीचा उपचार" म्हणून परत आला. सर्जनचं पत्र आणि झोपेचा रिपोर्ट जोडून पुन्हा पाठवला, तीन महिन्यांनी मंजूर झाला. तोवर पाटल्या गहाण होत्या.

४. हा सोपा मार्ग नाही.

"व्यायाम केला असता तर?" असं विचारणाऱ्यांना मी हल्ली सरळ सांगते. आधी दोन आठवडे फक्त पातळ आहार, यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून. ऑपरेशनच्याच संध्याकाळी सलाइनचा स्टँड धरून चालायचं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. मग पाण्यासारखं, मग दाट, मग वाटलेलं, मग मऊ. साध्या पोळीपर्यंत पोचायला मला दोन महिने लागले. आजही जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासाचं अंतर. घास घाईनं गिळला की छातीत गच्च होतं, तोंडाला फेसकट लाळ येते, आणि उठून बेसिनकडे जावं लागतं.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे लग्नाची पंगत. आपल्याकडे आग्रह म्हणजे माया, आणि ती माया मला खरंच कळते. म्हणून मी वाढपी येण्याआधीच ताटावर हात धरते आणि म्हणते, "वाढू नका, माझ्याच्यानं टाकवत नाही."

आणि एक. ज्यांना आधीपासून जळजळ, आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे, त्यांनी स्लीव्ह की जठराचं बायपास ऑपरेशन हे सर्जनशी नीट बोलावं. स्लीव्हनंतर तो त्रास वाढू शकतो.

५. गोळ्या जन्मभराच्या.

चौथ्या महिन्यात केस मुठी-मुठीनं गेले. वजन झपाट्यानं उतरलं की असं होतं; नवव्या महिन्यात थांबलं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि भाकरी, आमटी, भाजी, भात या आपल्या ताटात ती सहज भरत नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम. हिशोब करा. मी आधी अंडं, पनीर, डाळ खाते, मग भाकरीचा तुकडा.

तिसऱ्या वर्षी बरं वाटतंय म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडल्या. पायाची बोटं बधिर व्हायला लागली. बी-१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनं घ्यावी लागली, बधिरपणा जायला सहा महिने गेले. उलट्या सतत होत असतील तर दिवस मोजत घरी थांबूच नका. बी-१ कमी पडलं तर मेंदूला आणि नसांना इजा होते.

६. कातडी उरते.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पोटाखाली, दंडांवर घड्या पडल्या. मे महिन्यात तिथं चट्टे उठतात. तो भाग कोरडा ठेवायचा, सुती कपडा वापरायचा. आरशासमोर उभं राहायला मला वर्ष लागलं.

७. लोक बदलतात, आणि त्याचा रागही येतो.

एसटीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. लोक उभे राहत, पण बसत नसत. ऑपरेशननंतर दीड वर्षानं कराडच्या गाडीत एक बाई न विचारता शेजारी टेकली आणि पिशवी सावरायची म्हणून तिनं तान्हं बाळ माझ्या मांडीवर दिलं. बाळ उंब्रज येईपर्यंत झोपलं होतं. मला फार बरं वाटलं, आणि तितकाच संताप आला. ११८ किलोची होते तेव्हाही मी बाळ नीटच धरलं असतं.

८. वजन थोडं परत येतं.

७७ पर्यंत उतरले होते. २०२३ मध्ये आई गेली, आणि चहा-बिस्किटं, शेव, आइस्क्रीम हे लहान पोटातूनही सुखानं उतरतं हे तेव्हा कळलं. ८४ झालं. लाजेनं मी वर्षभर तपासणीला गेले नाही. शेवटी गेले तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बीपी वाढलं की गोळी बदलतो ना? तसंच हे." आहार पुन्हा लिहून दिला, समुपदेशकाकडे पाठवलं, आईबद्दल बोलायला लावलं. ऑपरेशनआधी चालू असलेली मधुमेहाची गोळी आता बंद आहे, पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी मी वर्षातून दोनदा करतेच.

ऑपरेशन झालेल्या ज्या बायका वजन वाढलं म्हणून डॉक्टरांना तोंड दाखवत नाहीत, त्यांना माझी विनवणी आहे. या आठवड्यात नंबर लावा. काटा काहीही दाखवो, जा.