आच्छादन उडतं ते कडेनं

पारनेर तालुक्यात सुप्याकडच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जून लागला की पश्चिमेचा वारा सुटतो आणि आखाड सरेपर्यंत दम घेत नाही. ढग डोक्यावरून पूर्वेला पळतात, पाऊस मात्र सह्याद्रीतच बराचसा उतरलेला असतो. अशा ठिकाणी घरामागं लिंबू, शेवगा, चार वांगी-मिरच्या जगवायच्या तर आच्छादन हवंच, आणि नेमकं तेच जागेवर राहत नाही.

सुरुवातीला मळणीयंत्रातून निघालेला गव्हाचा भुसा आम्ही आळ्यांत भरला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी वळीव आला. पाऊस नावापुरता, वारा मात्र कौलं हलवणारा. भुसा कुंपणात, शेजारच्या हौदात आणि काकूंनी वाळत घातलेल्या पापडांवर! काकूंनी पुढं बरेच दिवस आमच्याशी बोलणं टाकलं, ते निराळं. पण आळ्यांत जे उरलं ते बघण्यासारखं होतं. वाऱ्याकडच्या अंगाची माती साफ उघडी पडलेली आणि बाकीचा भुसा बुंध्याशी ढीग होऊन बसलेला. एका लिंबाच्या आळ्यात मात्र आदल्या दिवशी शेणकाल्याची बादली कलंडली होती. तिथला भुसा पापुद्रा धरून जसाच्या तसा होता.

म्हणजे आच्छादन हलकं म्हणून उडतं, हे अर्धंच खरं. वारा कडेनं खाली शिरतो आणि उचलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळं रोजच्या झुळकीत टिकलेलं आच्छादन वादळात टिकेल असं समजू नये. कड दाबा. आळ्याची वरंब वाऱ्याच्या बाजूनं चार बोटं उंच घ्या आणि आच्छादन तिच्या आत, तिच्या उंचीच्या खालीच ठेवा. काठोकाठ भरलेलं आळं आधी रिकामं होतं.

बारीक भुसा आम्ही आता वर टाकतच नाही. टाकायचाच तर खाली, आणि त्यावर उसाचं पाचट किंवा बाजरीचं सरमड, न कुटता, लांबच्या लांब. एक थर आडवा, दुसरा उभा, म्हणजे काड्या एकमेकींत अडकतात. तीन-चार इंच जाडी पुरे. वरून शेणकाला पातळ करून शिंपडायचा. घट्ट लिंपला तर पाणी वरच्या वर वाहून जातं.

ठिबक आल्यापासून एक गोष्ट ध्यानात येत नाही. नळी आच्छादनाखाली असते, माती ओली होते, पण वरचा थर कोरडा ठणठणीत राहतो. वळवाच्या दिवसांत सकाळीच पाइपनं वरून एक हात पाणी मारावं. आच्छादन पसरायचं कामही सकाळीच उरकावं, कारण वळीव बहुधा दुपारनंतर येतो.

दगड ठेवायचा उपाय सगळे सांगतात. बुंध्यापासून लांब, वाऱ्याकडच्या कडेला ठेवलेत तर ठीक. बुंध्याला टेकवून रचू नका, उन्हात तापतात. त्यापेक्षा तुरीची किंवा कपाशीची पळकाठी आडवी टाकून दोन टोकांना खुंट्या ठोकलेल्या बऱ्या. जुनी शेडनेट अंथरून तारेच्या आकड्यांनी जमिनीत खिळली तरी चालतं, पण एकही टोक मोकळं राहता कामा नये. वाफ्यात आधीच्या पिकाची धसकटं उपटू नयेत, त्यांच्यात पाचट आपसूक अडकून राहतं.

मल्चिंग पेपरची तऱ्हा वेगळी. सैल अंथरला की वारा आत शिरून तो फडफडतो आणि भोकाची कड रोपाच्या मानेला घासत राहते. चार दिवसांत मिरचीचं रोप तिथंच मोडतं. दोन्ही बाजूंना चर काढून कागदाची कड निदान चार इंच मातीत गाडावी, टोकंही गाडावीत, आणि भोकं रोपापुरतीच पाडावीत. वारा पडलेला असेल तेव्हाच हे काम काढावं. सुटलेला कागद विजेच्या तारांवर अडकला तर काठीनं ओढायला जाऊ नका, वायरमनला बोलवा.

खरा इलाज पश्चिमेच्या बांधावर आहे. तिथं शेवरी किंवा गिरिपुष्प दाट लावा. भक्कम भिंत बांधाल तर वारा वरून उडी घेऊन पलीकडं भोवरे करतो आणि आच्छादन तिथंच उधळतं. निम्मा वारा गाळून जाऊ देणारी ताटी बरी; तिचा आडोसा तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत थोडाफार जाणवतो. झाडं वाढेपर्यंत तुराट्यांचा कुड चालतो.

आणि वादळ ओसरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बुंधे बघा. उडालेला पालापाचोळा तिथंच साचतो, ओला राहतो, साल कुजते. आमच्याकडं तर वाळवीही लागते. हाताच्या पंज्याएवढी जागा बुंध्याभोवती मोकळी करा, काढलेलं पाचट वाऱ्याकडच्या उघड्या कडेला परत टाका आणि लगेच भिजवा.