माझी चौथी फेरी

‘मॅडम, या वयात तुम्ही पूर्ण केलीत, हेच केवढं मोठं आहे!’ स्पर्धेच्या दिवशी बक्षीस समारंभाआधी स्टेजच्या मागे मला हे ऐकवलं गेलं. बोलणारे गृहस्थ स्पर्धेचे मुख्य आयोजक. मी त्यांना वयाबद्दल काही विचारलंच नव्हतं. मी विचारलं होतं, की सायकलच्या चारही फेऱ्या प्रत्येकाने मारल्याची नोंद तुमच्याकडे कुठे आहे? त्या प्रश्नाचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना पहिल्यांदा स्प्रिंट ट्रायथलॉन करायची आहे, त्यांनी हे वाचावं. आयोजकांनीही वाचलं तर बरंच.

स्प्रिंट म्हणजे साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. ऑलिंपिकमध्ये असते त्याच्या बरोबर निम्मं अंतर. २०१९ पासून गोव्यात मिरामारला आयर्नमॅन ७०.३ ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन व्हायला लागली आणि आमच्या सातारा-कोल्हापूर-पुणे पट्ट्यातली पळणारी मंडळी पोहायला लागली. मीही त्यातलीच. त्या मोठ्या स्पर्धेच्या तुलनेत स्प्रिंटला लोक ‘छोटी’ म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. दीड-पावणेदोन तास सलग दम लागलेला असतो आणि कुठेही श्वास घ्यायला उसंत नसते. मोठ्या शर्यतीत दोन मिनिटं वाया गेली तर भरून काढता येतात, इथे ती गेली ती गेली. म्हणूनच इथे एक अख्खी फेरी कमी-जास्त झाली तर निकालात काही अर्थच उरत नाही.

पोहण्यापासून सांगते. मी लहानपणी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकले, त्यामुळे खोल पाण्याची भीती मला नव्हती. पण शहरातल्या टाकीत शिकलेल्यांची जलाशयात काय अवस्था होते, ते मी त्या सकाळी पाहिलं. खाली निळी पट्टी दिसत नाही, पाणी गढूळ, आजूबाजूला दुसऱ्यांचे हातपाय लागतात आणि पहिल्या शंभर मीटरमध्येच छाती आवळल्यासारखी होते. सुरुवातीला कडेला उभं राहा, आघाडीच्या पोरांना पुढे जाऊ द्या. दर सात-आठ हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून बोया बघा, आणि ही सवय टाकीतच लावून घ्या. थकलात तर बचावपथकाच्या कयाकला धरून थांबता येतं, नियमात ते बसतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. वेटसूटवर पैसे घालवू नका. हौशी गटात एवढ्या अंतरासाठी पाणी बावीस अंशांच्या वर असेल तर तो चालतच नाही, आणि आपल्याकडचं पाणी बहुतेक वेळा त्याहून गरमच असतं. आमचा एक बोया वाऱ्याने सरकला होता, पण तो सगळ्यांसाठीच सरकला होता, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी १९ मिनिटं ४० सेकंदांत बाहेर आले.

महिलांना कपडे बदलायला साधा आडोसाही नव्हता. प्रवेश फी घेताना मात्र पुरुष-स्त्री असा भेद केलेला नव्हता. बायकांनी हे गृहीत धरूनच जावं. पोहण्यापासून पळण्यापर्यंत एकाच पोशाखात राहता येईल असा ट्राय-सूट घ्या, नाहीतर पोहण्याच्या पोशाखावर सायकलची शॉर्ट चढवा. हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम विसरू नका. बाकी टॉवेल, पावडर, लवचीक नाड्या वगैरे गोष्टी कुणीही सांगेल.

आता सायकल. जलाशयाच्या कडेने जाणारा सरळ रस्ता, अडीच किलोमीटरवर कोन ठेवून यू-टर्न, परत तेवढंच अंतर, आणि अशा चार फेऱ्या. इलेक्ट्रॉनिक वेळ मोजणाऱ्या मॅट पाण्याबाहेर पडताना होत्या, सायकली ठेवल्या होत्या तिथे होत्या आणि शेवटच्या कमानीखाली होत्या. यू-टर्नवर एकही नव्हती. अलीकडच्या टोकाला कॉलेजमधला एक मुलगा वही घेऊन उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाचा नंबर लिहीत होता. आमच्या घोट्याला चिप बांधलेली होती, पण फेऱ्या वहीत मोजल्या जात होत्या. शंभरावर सायकली, काही शर्यतीतल्या, काही साध्या हॅंडलच्या, आणि त्यातले पाच-सहा जण एकाच वेळी वळायचे. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला तिथे एकट्याला उभं केलं, तो दोष उभं करणाऱ्यांचा.

दुसऱ्या फेरीत मी माझ्याच वयोगटातल्या एका बाईंना मागे टाकलं. त्या पाण्यातून माझ्याआधी निघाल्या होत्या, सायकल साधी हायब्रिड, आणि चढाला त्या कष्टाने रेटत होत्या. तिसरी फेरी संपवून मी टोकाला आले तेव्हा वहीवाला मुलगा म्हणाला, “ताई, झाल्या तुमच्या, आत घ्या.” मी ओरडून सांगितलं, “माझी एक राहिलीये.” तो “बरं बरं” म्हणाला. मी वळले आणि चौथी फेरी मारली. रस्ता बराच मोकळा झाल्यासारखा वाटला, पण तेव्हा त्याचा अर्थ लावायला वेळ नव्हता. सायकल साडेत्रेचाळीस मिनिटांत संपली. घड्याळावर अंतर २०.२ किलोमीटर.

पळायला लागल्यावर पहिला किलोमीटर मांड्या आपल्या नसतातच. आमच्या साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात वर्षानुवर्षं पळूनही ही गोष्ट शरीराला वेगळी शिकवावी लागते. सायकलवरून उतरून लगेच दहा-पंधरा मिनिटं पळायचं, आठवड्यातून एकदा तरी, याला दुसरा पर्याय नाही. सायकलच्या शेवटच्या किलोमीटरला हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवले तर बराच फरक पडतो. पाय हळूहळू मोकळे होत होते, ऊन चढलं होतं आणि मी माझ्या गटात तिसरी आहे अशी माझी खात्री होती, कारण आमच्या गटातल्या पहिल्या दोघी मला सायकलवर समोरून जाताना दिसल्या होत्या.

पळण्याच्या यू-टर्नला सहाशे-सातशे मीटर बाकी असताना समोरून त्याच बाई येताना दिसल्या. हायब्रिडवाल्या. त्या वळून परत निघाल्या होत्या, म्हणजे माझ्या सव्वा किलोमीटर पुढे. मला आधी वाटलं, त्या शर्यत सोडून परत निघाल्या असाव्यात. पण पट्ट्याला नंबर होता, त्या पळत होत्या आणि त्यांनी हसून मला अंगठा दाखवला. मी त्यांना मागे टाकल्यापासून त्यांनी मला ओलांडलं नव्हतं. यवतेश्वरला जाताना मला कोण ओलांडून गेलं हे मी घरी येऊन सांगू शकते, एवढी मला पळताना आजूबाजूची जाण असते. मग या पुढे कशा? मोकळा झालेला रस्ता आठवला, त्या मुलाचं ‘झाल्या तुमच्या’ आठवलं आणि सगळं उलगडलं. तीन किलोमीटर पळायचं बाकी होतं आणि घशात आवंढा. मी जेवढा जोर होता तेवढा लावून पळाले. पळणं २८ मिनिटं २० सेकंद, सगळं मिळून एक तास ३६ मिनिटं १५ सेकंद. तो आकडा खरा आहे, आणि तो मी वीस किलोमीटर सायकल मारून मिळवलेला आहे.

भिंतीवर लावलेल्या निकालात मी चौथी होते. पहिल्या दोघी खरंच वेगवान आहेत, त्यांच्याविषयी शंका नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या बाईंची सायकलची वेळ होती ३४ मिनिटं. वीस किलोमीटर ३४ मिनिटांत म्हणजे ताशी पस्तीसहून अधिक वेग, हायब्रिड सायकलवर. पंधरा किलोमीटर धरले तर ताशी साडेसव्वीस, आणि मी ज्या वेगाच्या बाईंना ओलांडलं होतं त्याच्याशी हा हिशेब तंतोतंत जुळतो. हे गणित सातवीतला मुलगाही करेल. आयोजकांना मी ते कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, पाहिला नाही, आणि मला वयाचं ते वाक्य ऐकवलं.

मी घड्याळ दाखवलं. ते म्हणाले, “जीपीएसमध्ये थोडं इकडेतिकडे होतंच.” पाच किलोमीटर? मी वहीची मागणी केली. वही ‘त्या मुलाकडे असेल’. मग त्यांनी नियमपुस्तिका काढली आणि फेऱ्या मोजणं ही खेळाडूची जबाबदारी असल्याचं वाचून दाखवलं. मी म्हटलं, “अगदी बरोबर सर. जागतिक नियमही तेच सांगतो. मग ज्यांनी मोजल्या नाहीत त्यांची शर्यत अपूर्ण धरा.” यावर ते म्हणाले, “हौशी लोकांसाठी आहे हो ही स्पर्धा, एवढं काय ताणायचं?” आणि ते माईककडे गेले. माझं नाव सोडून तीन नावं पुकारली गेली. मी समोर बसून टाळ्या वाजवल्या, कारण पहिल्या दोघींचा मान ठेवायचा होता.

हौशी म्हणजे काय, हे मला त्यांना विचारायचं आहे. पहाटे साडेचारला उठून, घरच्यांचे डबे करून, नोकरीआधी पोहायला जाणारी बाई हौशी असते. तिला पगार मिळत नाही, प्रायोजक नसतो. तिच्या हातात सगळ्या मेहनतीचं एकच माप येतं, ती तिची वेळ आणि तिचा क्रमांक. तेही नीट मोजता येत नसेल तर चिप कशाला बांधता? टी-शर्ट द्या आणि मेळावा म्हणा, आम्ही आनंदाने येऊ.

दोन दिवसांनी त्या बाईंनी स्वतःच आपली सायकलची नोंद स्ट्राव्हा या अॅपवर टाकली. अंतर १५.१ किलोमीटर. मी त्याचं चित्र आयोजकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ठेवलं, सोबत कुणालाही न दुखावणाऱ्या दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं, ‘कृपया खिलाडूवृत्ती ठेवा.’ संध्याकाळी गटात फक्त अॅडमिननेच लिहायचं असं ठरलं. त्या बाईंनी फसवणूक केली असं मी म्हणत नाही, त्यांनाही तो मुलगा ‘आत घ्या’ म्हणाला असणार. पण घरी जाऊन अंतर पाहिल्यावर त्यांना तो चषक परत द्यावासा वाटला नाही, हे माझ्या लक्षात राहिलं आहे.

तर नव्याने उतरणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच कराव्यात. नोंदणी करण्यापूर्वी ईमेलने विचारा, की फेऱ्या कशा मोजणार, यू-टर्नवर मॅट आहे का, तक्रार कुणाकडे आणि किती वेळात द्यायची. फोनवर विचारू नका, लेखी उत्तर हवं. टाळाटाळ झाली तर ती स्पर्धा सोडा. आदल्या दिवशीच्या ब्रीफिंगला पहिल्या रांगेत बसा आणि मार्गाच्या फलकाचा फोटो काढा. सायकलच्या आडव्या दांडीवर जितक्या फेऱ्या तितके विजेच्या टेपचे तुकडे चिकटवा आणि प्रत्येक फेरीला एक उपटून टाका. दमलेलं डोकं फेऱ्या विसरतं, टेप विसरत नाही. ती माझ्या दांडीवर होती म्हणूनच मी त्या मुलाला ठामपणे ‘एक राहिलीये’ म्हणू शकले. घड्याळात प्रत्येक फेरीला लॅपचं बटण दाबा. शर्यतीची नोंद त्याच दिवशी जपून ठेवा. आणि तक्रार द्यायची असेल तर बक्षिसं वाटण्याआधी, लेखी, पोच घेऊन. तोंडी बोललेलं कुणीही ऐकत नाही, बाईचं तर नाहीच.

ड्राफ्टिंगबद्दल, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवण्याबद्दलही सांगते, कारण त्या दिवशी कुणी बघतच नव्हतं. हौशी गटात बहुतेक स्पर्धांत पुढच्या सायकलपासून दहा मीटरचं अंतर ठेवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात शिरलात तर वीस सेकंदांत ओलांडून जायचं. तरुण मुलांचे घोळकेच्या घोळके एकमेकांच्या चाकाला चाक लावून चालले होते. तुम्ही ते करू नका, दुसऱ्यांनी केलं तरी.

बाकी नेहमीचंच: आदल्या रात्री ओळखीचं जेवण, वरण-भात उत्तम, नवीन जेल शर्यतीच्या दिवशी चाखू नका, पाणी थोडं थोडं प्या, झोप घ्या.

पुढच्या मोसमात मी उतरणार आहे, दुसऱ्या जिल्ह्यात, जिथे दोन्ही वळणांवर मॅट असल्याचं मला लेखी कळवलं आहे. साडेसातशे मीटर अठरा मिनिटांत आणायचं ठरवलं आहे आणि त्यासाठी कृष्णेचं पाणी उतरलं की संगम माहुलीला, सोबत कुणीतरी घेऊन, पोहायला सुरुवात करेन. जुन्या आयोजकांकडे माझी मागणी तीच आहे, जी त्या दिवशी स्टेजमागे होती. आमच्या गटाचा निकाल दुरुस्त करून पुन्हा लावा. चषक नको, यादी बरोबर हवी. तसं पत्र मी पोस्टाने पाठवलं आहे आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला पाठवणार आहे.