फोडांच्या आजाराचे मूल मोठे होते तेव्हा

जरा धक्का लागला, चप्पल घासली, कपड्याची शिवण काचली की अंगावर पाण्याचा फोड येतो. फुटला की भाजल्यासारखी जखम. जन्मापासून असणाऱ्या या दुर्मिळ रोगाला ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’ म्हणतात. त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारी प्रथिने जनुकातील दोषामुळे नीट तयार होत नाहीत, म्हणून वरचा पापुद्रा सुटतो. रोग संसर्गजन्य नाही. शाळेत अशा मुलाला वेगळे बसविण्याचे काहीच कारण नाही.

याचे सौम्य-तीव्र असे बरेच प्रकार आहेत. आज मी लिहितो आहे ते ‘रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक’ या तीव्र प्रकाराबद्दल, आणि त्यातही १४ ते १८ या वयाबद्दल. बालरोग विभागाचे दार एका वयानंतर बंद होते. कुठे १२ व्या वर्षी, कुठे १८ व्या. तोवर एकच डॉक्टर मुलाला ओळखत असतात आणि बाकी सगळे आईच्या डोक्यात असते. कोणते औषध चालत नाही, रक्त किती कमी झाले होते, घास कधी अडकला होता, हे सारे तिलाच ठाऊक.

माझ्याकडे येणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलाला मी विचारले, “तुझ्या आजाराचं नाव काय रे?” त्याने आईकडे पाहिले. पुढे त्याला शहरातल्या एका रुग्णालयात मोठ्यांच्या वॉर्डात दाखल केले. सलाईन लावताना सिस्टरांनी नेहमीची चिकटपट्टी लावली. काढताना पट्टीबरोबर कातडीही निघाली. आई तेव्हा औषध आणायला खाली गेली होती. मुलगा शेजारीच, शुद्धीवर. पण असले सांगायचे ते आईने, अशी सवय. त्या सिस्टरांनी असा रोगी आधी कधी पाहिलाच नसेल, तर त्यांना तरी काय बोलणार?

म्हणून ही तयारी दाखल होण्याच्या दिवशी नव्हे, १३-१४ व्या वर्षीच सुरू करावी. मुलाने आजाराचे नाव पाठ करावे. मला चिकटपट्टी लावू नका, रक्तदाबाचा पट्टा बांधण्याआधी खाली कापूस गुंडाळा, इंजेक्शननंतर चोळू नका, नुसते दाबून धरा, ही तीन वाक्ये त्याला स्वतःला बोलता आली पाहिजेत. फोड निर्जंतुक सुईने बाजूला टोचून पाणी काढणे, वरचे कातडे तसेच राहू देणे, न चिकटणारे ड्रेसिंग ठेवणे हेही हात चालत असतील तर त्याने शिकावे. (बोटे एकमेकांना चिकटत जातात, म्हणून काहींना मदत लागतेच.) तपासणीच्या वेळी पाच-दहा मिनिटे आईने बाहेर बसावे. आयांना हे फार जड जाते. बालरोगतज्ज्ञांकडून एक-दोन पानांचा सारांश लिहून घ्यावा आणि शक्य असेल तर पहिली एखादी भेट जुने व नवे डॉक्टर मिळून करावी.

खरी काळजी पुढेच आहे. या प्रकारात त्वचेचा कर्करोग तरुणपणीच, कधी विशीच्या आतही होतो, आणि मोठ्या वयात मृत्यूचे ते प्रमुख कारण आहे. अंगभर जखमा असताना एखादी नवी जखम कुणाच्या लक्षात येणार? नेहमीची जखम भरते. जी आठवडे उलटले तरी भरत नाही, लवकर वाढते, कडा जाड होतात किंवा जास्त दुखते, ती दाखवावी आणि डॉक्टरांनी सुचविल्यास तुकडा तपासून घ्यावा. वयाच्या १० व्या वर्षापासून दर तीन ते सहा महिन्यांनी सर्वांगाची तपासणी हवी. बालरोग विभाग सुटला आणि नवा डॉक्टर धरला नाही, तर नेमकी हीच तपासणी चुकते. त्याबरोबर हिमोग्लोबिन, वजन, अन्ननलिकेचे अरुंद होणे, दात व डोळे यांच्याकडेही पाहावे लागते. अमेरिकेत २०२३ साली जखमेवर लावायच्या जनुकीय जेलला मान्यता मिळाली. जखमा भरायला तिची मदत होते, पण रोग मुळातून जात नाही आणि किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे.

लग्नाचा प्रश्नही याच वयात घरात येतो. या प्रकारात आईवडील दोघेही दोषाचे वाहक असतात, स्वतः निरोगी दिसतात, आणि प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक असते. रोगी मुलामुलीने वाहक नसलेल्या जोडीदाराशी लग्न केले तर मुले वाहक होतात, रोगी होत नाहीत. मामाची किंवा आत्याची मुलगी करायची आपल्याकडे चाल आहे. अशा घराण्यात ती टाळावी, आणि रोग्याच्या भावंडांनीही लग्नाआधी जनुकीय सल्ला घ्यावा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत तशी सोय आहे.