रेडिओचे पैसे कोण देतो?

कल्याणला किंवा मुंब्र्याला एखाद्या चहाच्या हॉटेलात सकाळी रेडिओ चालू असतो. चहाचे पैसे तुम्ही देता. गाण्याचे पैसे मात्र कोणी मागत नाही. मग गाणे फुकट आहे का?

तसे नाही. मुंबईत चर्चगेटजवळ आकाशवाणीचे केंद्र आहे. तेथे निवेदक बोलतात, वादक वाजवतात, कोणी बातम्या लिहितात. मालाडला उंच मनोरे आणि मोठी यंत्रे आहेत. यंत्रांना वीज लागते, तंत्रज्ञ लागतात. कायम नोकरांना दरमहा पगार द्यावा लागतो आणि कार्यक्रमापुरते बोलावलेल्या कलावंतांना मानधन द्यावे लागते.

हे पैसे आणायचे कोठून? या प्रश्नामुळे एकदा मुंबईचे केंद्र बंद पडण्याची वेळ आली होती.

23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीने हे केंद्र सुरू केले. त्याचे यंत्र लहान होते. साध्या क्रिस्टल सेटवर त्याचा आवाज सुमारे 48 किलोमीटरपर्यंतच ऐकू येई. ठाणे त्या टप्प्यात होते, कल्याण जवळजवळ टोकाला होते. रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. त्याची फी वर्षाला 10 रुपये होती. त्यांतले 8 रुपये कंपनीला मिळत.

आता हिशोब करा. 1929 च्या अखेरीस साऱ्या देशात आठ हजारसुद्धा परवाने नव्हते. आठ हजार धरले, तरी वर्षाला 64,000 रुपये होतात, म्हणजे महिन्याला सुमारे 5,300. परदेशातून येणाऱ्या यंत्रांवरही कंपनीला काही रक्कम मिळे. पण एवढ्यात मुंबई आणि कोलकाता अशी दोन केंद्रे कशी चालणार? शिवाय पुष्कळ लोक परवाना न काढताच ऐकत. दुकानदार पैसे घेतल्याशिवाय माल देत नाही. हवेतून येणारा आवाज कोण अडवणार? 1 मार्च 1930 रोजी कंपनी गुंडाळावी लागली. रेडिओ बंद होऊ नये अशी मागणी झाली आणि 1 एप्रिल 1930 पासून सरकारने ते काम हाती घेतले.

परवाना मात्र पुढेही राहिला. दरवर्षी पोस्टात जाऊन परवान्याच्या पुस्तकात तिकीट चिकटवून घ्यावे लागे. तुमच्या दादांना किंवा नानांना विचारा. घरातल्या एखाद्या जुन्या पेटीत ते पुस्तक अजून असेल! 1980 नंतरच्या दशकात ही फी रद्द झाली.

त्याआधीच दुसरी वाट सापडली होती. 1 नोव्हेंबर 1967 पासून विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या. 1976 साली दूरदर्शनवरही त्या आल्या. (खर्च, रक्कम, परवाना हे मराठी शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. ‘जाहिरात’ या शब्दातही तुमचा ‘जाहिर’ दडलेला आहे. तुम्ही ‘तनख्वाह’ म्हणता, तो ‘पगार’ मात्र पोर्तुगीजांकडून आला.)

पुष्कळ लोक ऐकतात, तेथेच व्यापारी पैसा लावतो. चित्रपटगीतांना श्रोते मिळतात. पण भातावरच्या रोगाची माहिती सांगायला जाहिरात कोण देणार? 26 जुलै 2005 चा पाऊस आठवा, किंवा घरच्यांना विचारा. उल्हास नदीला पूर आला, लोकल बंद पडल्या, अनेक ठिकाणी वीज गेली. टीव्ही बंद असताना बॅटरीवरचा रेडिओ तेवढा चालतो. पाणी कोठे चढले आहे, ही बातमी विकून पैसे मिळत नाहीत. म्हणून काही खर्च सर्वांनी मिळून करावा लागतो, असे मला वाटते.

1990 साली संसदेने प्रसार भारतीचा कायदा केला. 23 नोव्हेंबर 1997 रोजी आकाशवाणी आणि दूरदर्शन या स्वायत्त संस्थेकडे आले. तिला जाहिरातींचे उत्पन्न मिळते, पण ते पुरत नाही. पगाराचा मोठा भार केंद्र सरकारच्या अनुदानावर आहे. यंत्रे आणि इमारती सुधारण्यासाठी जानेवारी 2023 मध्ये सरकारने वेगळे 2,539.61 कोटी रुपये मंजूर केले. सरकारचा पैसा म्हणजे कराचा पैसा. तुम्ही साबणाची वडी घेता, तेव्हा तिच्या किमतीत कर असतोच.

ब्रिटनमध्ये दूरदर्शन पाहणारे घर बीबीसीसाठी स्वतः परवाना फी भरते. एप्रिल 2024 मध्ये ती वर्षाला 169.50 पौंड झाली. दर वाढला की तेथेही लोक कुरकुरतात. पण ती फी थेट बीबीसीच्या नावाने गोळा होते. आपल्याकडे पैसा सरकारच्या हातून येतो. मग सरकारची चूक दाखवणारी बातमी निवेदक मोकळेपणाने सांगू शकेल का? प्रसार भारतीबद्दलचा हा वाद अजून मिटलेला नाही.

स्वाध्याय
1. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी का बुडाली?
2. जाहिरातींवर सर्व कार्यक्रम का चालू शकत नाहीत?
3. घरातील वडीलधाऱ्यांना रेडिओच्या परवान्याबद्दल विचारा आणि पाच वाक्ये लिहा.