माळरान राखा, चारा आणि वन्यजीव दोन्ही वाचवा



धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर भूम, परंडा, वाशी, तुळजापूर या तालुक्यांत हलक्या, मुरमाड जमिनीची माळराने आहेत. कागदोपत्री ही जमीन पडीक, पोटखराब किंवा गायरान असते. त्यामुळे ती निरुपयोगी असा समज होतो. प्रत्यक्षात आपली उस्मानाबादी शेळी, मेंढरे आणि गुरे याच माळावर जगतात. २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा गवताचे मोल सर्वांनाच कळले.

याच गवताच्या आधाराने लांडगा, खोकड, काळवीट, ससा, तितर, लावा व चंडोल राहतात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी माळावरील नाकतोडे खातात. माळ उजाड झाला की चारा व हे प्राणी दोन्ही जातात.

माळढोकचा धडा

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज हे गाव माळढोक पक्ष्यामुळे देशभर माहीत झाले. १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौ. कि.मी. होते. त्यात शेकडो गावे व शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर व बांधकामांवर बंधने आल्याने शेतकऱ्यांची नाराजी वाढली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि.मी. करण्यात आले.

माळढोकची मादी वर्षाला साधारणपणे एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. मोकाट कुत्री आणि गुरांचे पाय यांपासून ते वाचणे कठीण. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नसल्याने तो उडताना विजेच्या तारांवर आदळतो. माळावर झाडे लावल्यानेही त्याची मोकळी जागा कमी झाली. आज देशात सुमारे दीडशेच माळढोक उरले असून बहुतेक राजस्थानातील जैसलमेर भागात आहेत. नान्नजला तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ हद्द आखून माळ वाचत नाही. माळावर गुरे चारणाऱ्याला त्यातून लाभ दिसला, तरच तो टिकतो.

माळरानाची सुधारणा कशी करावी?

१) माळाचे चार भाग पाडावेत. दरवर्षी एक भाग जूनपासून दसऱ्यापर्यंत चराईसाठी पूर्ण बंद ठेवावा. उरलेल्या तीन भागांत आळीपाळीने जनावरे चारावीत. पुढील वर्षी दुसरा भाग बंद करावा. जमिनीवर घरटी करणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांची वीण याच काळात होते.

२) बंद भागातील गवत फुलोऱ्यात असताना कापावे. वाळून पिवळे झालेल्या गवतात प्रथिने कमी होतात. कुसळीसारख्या गवताची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व तोंडात रुततात, म्हणून ती पक्व होण्यापूर्वीच कापणी करावी.

३) जमिनीपासून ८ ते १० सें.मी. उंची ठेवून कापावे. सुमारे पाव भाग उताराला आडव्या पट्ट्यांत तसाच राखावा. त्यातून बी पडते, माती अडते व पाखरांना आसरा मिळतो. कापणी मधून कडेकडे करत न्यावी, म्हणजे लपलेल्या जिवांना निसटता येते.

४) उघड्या पडलेल्या जागी पहिल्या चांगल्या पावसानंतर मारवेलचे ठोंब लावावेत. अंजन गवत व स्टायलो यांचे बी ओळीत पेरावे. बी फार खोल जाऊ देऊ नये. स्टायलो हे शेंगवर्गीय असल्याने चाऱ्याची प्रत सुधारते.

५) चांगल्या गवताच्या माळावर चर खोदून किंवा खड्डे घेऊन गिरिपुष्प, सुबाभूळ यांची दाट लागवड करू नये. झाडे बांधावर, ओढ्याकाठी व घराजवळ लावावीत.

६) उन्हाळ्यात माळ पेटवू नये. त्यात साठलेला चारा, बी आणि मातीवरचे आच्छादन जळून जाते.

७) मेलेली जनावरे उघड्यावर टाकू नयेत. त्यावर मोकाट कुत्री पोसली जातात आणि तीच पुढे शेळ्या व घरट्यांवर तुटून पडतात.

८) लांडग्याने शेळी-मेंढी मारल्यास विष घालू नये. मृत जनावर जागेवरून न हलवता त्वरित वनरक्षकास कळवावे. पंचनाम्यानंतर शासनाकडून भरपाई मिळू शकते.

सुरुवात लहान करावी

गायरानाचा कोणता भाग बंद ठेवायचा, हे मे महिन्यातच ग्रामसभेत ठरवावे. मेंढपाळांना त्या बैठकीस जरूर बोलवावे, अन्यथा बंदी टिकत नाही. पहिल्या वर्षी एक-दोन एकरांवर हा प्रयोग करावा. दसऱ्याला बंद व उघड्या भागातील प्रत्येकी एक गुंठा गवत कापून वजन करावे आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. फरक पाहून गाव पुढील निर्णय स्वतः घेईल.

माळढोक आपल्या शिवारात पुन्हा उतरेल याची हमी देता येत नाही. परंतु जे लांडगे, काळविटे व पाखरे आजही आहेत, त्यांना आणि आपल्या शेळ्यांना लागणारे गवत एकच आहे. अधिक माहितीसाठी तुळजापूर येथील कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.