पेशींची जाळी कशी रेखाटावी?

कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींची आकृती तुमच्या जीवशास्त्राच्या वहीत असेलच. ती उघडा आणि एकच गोष्ट तपासा. पेशींच्या भिंती जेथे मिळतात, तेथे किती रेषा एकत्र येतात? आडव्याउभ्या रेषा एकमेकींना छेदून गेल्या असतील, तर प्रत्येक कोपऱ्यावर चार रेषा आल्या असतील. ही झाली खिडकीच्या गजांची जाळी, पेशींची नव्हे!

आता प्रत्यक्ष पाहू. कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतील बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोला आणि काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा. सौम्य आयोडीनचा एक थेंब घालून आच्छादक काच तिरपी टेकवत अलगद ठेवा, म्हणजे बुडबुडे राहणार नाहीत. सूक्ष्मदर्शकातून भिंतींचे वीस कोपरे मोजा. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तीनच भिंती मिळालेल्या दिसतील.

असे का व्हावे? वनस्पतीची पेशी विभागते तेव्हा तिच्या मधोमध नवी भिंत तयार होते व जुन्या भिंतींना जाऊन टेकते. शेजारच्या पेशीची भिंत पलीकडून जेथे टेकलेली असते, नेमकी तीच जागा ही नवी भिंत सहसा टाळते. त्यामुळे चार भिंतींचा चौक क्वचितच तयार होतो. बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिओ एरेरा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक नियम सुचवला : नवी भिंत शक्य तितकी आखूड असते. याला अपवाद आहेत, पण अनेक ऊतींत तो चांगला लागू पडतो.

हेच दोन नियम आपल्या चित्रकलेचे नियम करू. कोऱ्या कागदावर तळहाताएवढी वेडीवाकडी बंद आकृती काढा. तिचे जवळपास दोन समान भाग होतील अशी सर्वांत आखूड रेषा काढा. मग प्रत्येक भागाचे तसेच दोन भाग करा. समोरच्या बाजूने रेषा जेथे टेकली असेल तेथे आपली रेषा टेकवू नका, थोडी सरकवा. अशा सहा फेऱ्यांत ६४ पेशी होतील. मोजपट्टी न वापरता काढलेली ही जाळी वनस्पतीच्या ऊतीसारखी दिसू लागेल.

आता कडेच्या पेशी सोडून आतील प्रत्येक पेशीचे शेजारी मोजा. कोणाला पाच, कोणाला सात. पण सरासरी सहाच्या आसपास येईल. कोपऱ्यावर तीनच रेषा मिळतात, याचाच हा भूमितीय परिणाम. अमेरिकेतील एफ. टी. लुईस यांनी काकडीच्या बाह्यत्वचेतील पेशी मोजून १९२८ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतही सरासरी सहाच्या जवळ होती आणि मोठ्या पेशींना शेजारी अधिक होते. तुमच्या चित्रात तसे दिसते का?

शेवटी पापुद्र्याची आकृती नव्याने काढा. पेन्सिल टोकदार हवी. भिंतीची रेषा अखंड ठेवा. केंद्रक दाखवताना पेन्सिल घासू नका. उभी धरून बारीक ठिपके द्या. पेशीद्रव्यासाठी ठिपके विरळ करा आणि मधली मोठी रिक्तिका कोरीच सोडा. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवा. पहिली पाठांतराने काढलेली होती. दुसरी डोळ्यांनी पाहून काढलेली आहे. वैज्ञानिक आकृतीची खरी किंमत या फरकातच आहे.